शटरला गाडीची धडक बसली: पट्ट्या बदलायच्या की शटरच नवं बसवायचं?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय का हे तुम्हालाही समजेल. सांगलीत शामरावनगरात घर आहे. खाली गाडीसाठी 10 फूट रुंद, 8 फूट उंच रोलिंग शटर आहे, बसवून सोळा-सतरा वर्षं झाली. भाच्यानं गाडी मागे घेताना बंद शटरला ठोकली. मधल्या सहा-सात पट्ट्यांना पोचा आलाय, शटर गुडघ्याएवढं वर येतं आणि अडकतं. एक मिस्त्री म्हणतो, पट्ट्या बदलतो, अर्ध्या दिवसाचं काम. दुसरा म्हणतो, हे सगळं भंगारात घाला, नवीन मोटरचं बसवू. दोघांच्या आकड्यांत पाचपट फरक, त्यामुळं खरं कोण बोलतंय असं तुम्ही विचारताय. आणि जाता जाता एक वाक्य टाकलंय: "2019 ला शटर चार फूट पाण्यात होतं, पण नंतर काही त्रास झाला नाही."

माझं लक्ष त्या शेवटच्या वाक्यावरच अडकलं. तुमच्या शटरचा निकाल भाच्याच्या गाडीनं लागणार नाही, त्या पाण्यानं लागेल. पोचा डोळ्यांना खुपतो म्हणून आपण त्याच्याकडंच बघत बसतो. पण सहा-सात पट्ट्या चेपल्या म्हणून 10 बाय 8 चं शटर टाकून द्यायचं काही कारण नाही. खालचा भाग आतून खाल्ला गेला असेल, तर मात्र त्याच सहा-सात पट्ट्या बदलून तुम्ही पैसे नाल्यात टाकाल. तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून मला यातलं काय आहे ते सांगता येणार नाही. कसं बघायचं ते सांगतो. बघायला अर्धा तास लागेल, आणि बरंचसं तुम्हाला स्वतःलाच कळेल.

पण त्याआधी एक. शटर अडकलंय ना, मग जोर लावून वर ढकलू नका. चौघांनी मिळून "हं, एक-दोन-तीन" करून शटर वर घालवायची आपल्याकडं फार सवय आहे. वाकलेली पट्टी गाइडमध्ये, म्हणजे बाजूच्या उभ्या चॅनलमध्ये, तिरकी बसलेली असते. तिला ढकललं की तिचं टोक गाइडमधून निसटतं, आणि मग तिच्या वरच्या-खालच्या चांगल्या पट्ट्याही ओढल्या जातात. सातच्या पंधरा पट्ट्या होतात. एवढ्या मापाचा पडदा, म्हणजे सगळ्या पट्ट्या मिळून, पत्र्याच्या गेजनुसार, म्हणजे जाडीनुसार (गेजचा आकडा मोठा तितका पत्रा पातळ), 70 ते 110 किलोचा असतो. अर्धवट वर नेलेलं आणि वाकलेलं शटर कधी खाली येईल याचा भरवसा नाही, त्याच्याखालून पोरांना वाकून ये-जा करू देऊ नका.

आता गाइड बघा. गाइड म्हणजे दोन्ही बाजूंना भिंतीला उभं मारलेलं चॅनल, ज्यात पट्ट्यांची टोकं सरकतात. तुमच्या रुंदीला ते निदान 65 मिलिमीटर खोल असायला हवं, आणि पाऊण-पाऊण मीटरवर भिंतीत पकडलेलं हवं. फरशीपासून वर एक फूट, एवढाच भाग नीट बघायचा. टॉर्च घ्या, जुना स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि गाइडच्या आतल्या बाजूनं टोचून बघा. खणखण आवाज आला तर लोखंड शाबूत आहे. पापुद्रे निघाले, टोक आत घुसलं किंवा काळी-तांबडी माती हातात आली, तर तिथं लोखंड राहिलेलंच नाही, रंगाच्या थरानं नुसता आकार धरलाय.

असं का होतं, तर पूर ओसरताना गाळ सोडून जातो. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी तिथं 45 फूट. तेव्हा खालच्या भागातली किती शटरं आठ-आठ दिवस पाण्यात होती ते तुम्ही बघितलंय. पाणी गेल्यावर लोकांनी भिंती धुतल्या, फरशा धुतल्या, फ्रीज उन्हात टाकले. गाइडच्या खाचेत पाण्याचा पाइप कुणी धरला नाही. तो गाळ ओला आहे तोवर नुसत्या पाण्यानं निघतो. एकदा वाळला की प्लॅस्टरसारखा बसतो आणि प्रत्येक पावसाळ्यात ओल धरून ठेवतो. 2021 च्या जुलैत परत 50 फुटांच्या वर पाणी आलं, तेव्हा त्याच गाळावर दुसरा थर चढला. बाहेरून रंग मारलेला, शटर वर-खाली होतंय, म्हणजे "काही त्रास नाही". गंज आपलं काम गप करत असतो.

त्यात अजून एक गोष्ट आपल्याकडं सर्रास होते. पुरानंतर नवीन फरशी घालताना जुन्या फरशीवरच घालतात, जमीन दीड-दोन इंच वर येते आणि गाइडचं बूड काँक्रीटमध्ये पुरलं जातं. पुरलेल्या लोखंडाला ओल बारा महिने. तुमच्याकडं असं झालंय का ते बघा. बॉटमची पट्टी, म्हणजे शटरची सगळ्यात खालची जाड पट्टी, फरशीला सपाट टेकत नसेल आणि एका कोपऱ्याला बोट जाईल एवढी फट राहत असेल, तर बहुतेक झालं असेल.

इथं माझीच एक चूक सांगतो. 2019 च्या दिवाळीआधी गावभागातल्या एका दुकानाचं शटर माझ्याकडं आलं. मालकाचं सगळं वाहून गेलेलं, खर्च कमीत कमी करा म्हणाले. मलाही वाईट वाटलं. खालच्या बारा पट्ट्या बदलल्या, गाइड घासून रेड ऑक्साइड मारलं आणि दिलं. टोचून बघितलं नव्हतं. दीड वर्षानं एका रात्री वळवाच्या वाऱ्यात पडदा फुगला आणि डावीकडचं गाइड खालून फूटभर फाटून पडदा बाहेर आला. माझ्या बारा नव्या पट्ट्यांतल्या पाच वाकल्या. मजुरी मी घेतली नाही, पण पत्र्याचे पैसे त्या माणसाला दोनदा पडले. तेव्हापासून आधी गाइड टोचतो, मग पट्टीकडं बघतो.

गाइडचा खालचा फूटभरच गेला असेल आणि वरचं खणखणीत असेल, तर घाबरू नका. तेवढा तुकडा कापून त्याच मापाचं नवीन चॅनल वेल्डिंग करता येतं. जोड आतून ग्राइंडरनं इतका साफ करावा लागतो की बोट फिरवलं तर लागता कामा नये, नाहीतर प्रत्येक पट्टी तिथं खरवडत जाईल. वेल्डिंगच्या जागी झिंकचा थर जळतो, तिथं झिंक असलेला प्रायमर लावायला सांगा, नुसता रंग नको. गाइड दोन-अडीच फुटांपर्यंत गेलं असेल तर ठिगळ लावू नका, पूर्ण गाइड बदला. गाइड बदलणं म्हणजे शटर बदलणं नव्हे. बरेच मिस्त्री या दोन्हींची गल्लत करतात, कधी मुद्दाम.

गाइड झालं की पट्टी. पट्टीची ताकद तिच्या गोलाईत असते, पत्र्यात तेवढी नाही. म्हणून पोचा दोन प्रकारचा असतो. पट्टीचं पोट आत गेलंय पण वरची-खालची वळलेली कड, जिथं एक पट्टी दुसरीत अडकते, ती सरळ आहे, अशी पट्टी लाकडी ठोकळ्यावर ठेवून हळूहळू पोट काढून सरळ करता येते. पहिल्यासारखी दिसणार नाही, पण चालेल. कडच चिमटली असेल किंवा पट्टीला घडीसारखी रेघ पडली असेल, तर ती पट्टी गेली. ठोकून सरळ दिसली तरी पत्रा ताणलेला असतो. हातानं दाबली की डब्याच्या झाकणासारखी टक्-टक् आत-बाहेर होते, आणि गुंडाळताना शेजारणीला घासते. अशा पट्ट्यांवर हातोडीची मजुरी देऊ नका. फोटोत मला तुमच्या चार पट्ट्यांना घडी दिसतेय, बाकीच्या वाचतील असं वाटतं. सरळ केलेल्या पट्ट्या परत मधोमध न घालता सगळ्यात वर घालायला सांगा. शटर बंद असताना वरच्या एक-दोन पट्ट्या वरच्या लोखंडी पाइपवर गुंडाळलेल्याच राहतात, त्यामुळं तिथं ना कुणाला दिसत, ना धक्का लागत.

कडेच्या आत गंज आहे का तेही इथंच कळतं. खालच्या चार फुटांत, जिथंपर्यंत पाणी होतं, दोन पट्ट्यांच्या सांध्यात नख फिरवा. तांबडी पूड नुसती वरवर आली तर ठीक. पूड येतच राहिली, किंवा सांध्यात पत्रा कागदासारखा चुरला, तर पोच्याच्या पट्ट्या बदलून भागणार नाही, खालच्या सगळ्याच बदलाव्या लागतील. साधारण तीन इंचाला एक पट्टी धरली तर चार फुटांत सोळा पट्ट्या आल्या. म्हणजे पडदा निम्मा नवा झाला.

नव्या पट्ट्या जुन्यात बसतील का, हा प्रश्न मिस्त्रीला आधीच विचारा. प्रत्येक कारखान्याच्या साच्याची वळण वेगळी. सतरा वर्षांपूर्वीची पट्टी आणि आजची पट्टी लांबून सारखी दिसते, पण अडकवायला गेलं की एकतर सैल पडते नाहीतर शिरतच नाही. शिरवलीच जबरदस्तीनं, तर गुंडाळताना त्या एका सांध्यात शटर रोज कुरकुरणार. मी जुन्या पट्टीचा वीतभर तुकडा कापून खिशात घालतो आणि कुपवाडला दोन-तीन ठिकाणी लावून बघतो. तुकडा न नेता नुसतं माप फोनवर सांगून पट्ट्या मागवणारा मिस्त्री असेल, तर त्याला जरा थांबवा. वळण कुठंच जुळली नाही तर दुरुस्तीचा विषय तिथंच संपतो, बाकी शटर कितीही चांगलं असो. सांगताना विचित्र वाटतं, पण याच कारणानं वर्षाकाठी चार-पाच शटरं मी पूर्ण बदलतो.

पट्ट्या बदलायच्या म्हणजे जागेवर उभ्या-उभ्या होत नाही, हेही माहीत असू द्या. पट्टी आडवी सरकवून काढावी लागते. 10 फुटी पट्टी सरकवायला बाजूला 10 फूट मोकळी जागा हवी, आणि तुमच्या दोन्ही बाजूंना भिंत आहे. म्हणून पडदा उतरवून बाहेर रस्त्यावर आडवा टाकतात. पूर्ण दिवस जातो आणि रात्री शटर लागेल याची खात्री नसते. "अर्ध्या दिवसाचं काम" म्हणणारा एकतर फार तरबेज आहे, नाहीतर तो नुसतं ठोकून सरळ करणार आहे.

वरचा भाग, म्हणजे पडदा गुंडाळला जातो तो पाइप, त्याच्या स्प्रिंगा आणि पाइप भिंतीला धरणारे ब्रॅकेट, तुम्ही खालून फक्त बघायचं. हात लावायचा नाही. शटर खाली असतं तेव्हा स्प्रिंगा पूर्ण आवळलेल्या असतात. ब्रॅकेटचा एक बोल्ट चुकीच्या वेळी सैल झाला की पाइप गरकन फिरतो. माझ्याकडच्या एका पोराचं मनगट असंच मोडलं, आणि तो काही नवखा नव्हता. तुम्ही बघायचं ते एवढंच: ब्रॅकेटच्या भोवती भिंतीला नवी भेग आहे का, प्लॅस्टर सुटलंय का. धडक खाली बसली तरी झटका वरपर्यंत जातो. भेग असेल तर आधी गवंडी, मग शटरवाला. स्प्रिंग चांगली आहे की नाही हे अडकलेल्या शटरवर कळणार नाही. धडक बसायच्या आधीचं आठवा. शटर कमरेएवढं वर करून सोडलं तर तिथंच थांबायचं, की धाडकन खाली यायचं? थांबत होतं तर स्प्रिंग ठीक. कोसळत होतं किंवा वर न्यायला दोन माणसं लागत होती, तर स्प्रिंगा दमल्यात. दमलेली एकच बदलू नका, सगळ्या एकदम बदला, नाहीतर पाइप एका बाजूला ओढला जातो आणि पडदा तिरका गुंडाळतो.

आता दुसऱ्या मिस्त्रीच्या मोटरबद्दल. मोटर वाईट नाही, माझ्या स्वतःच्या घरी आहे. पण मोटर हा दुरुस्तीचा पर्याय नव्हे, तो वेगळा खर्च आहे, आणि तो या धडकेच्या हिशेबात मिसळला म्हणून तुमचा आकडा पाचपट दिसतोय. त्याला मोटर वगळून नुसत्या शटरचा भाव विचारा. फरक किती कमी होतो बघा. मोटर लावायचीच असेल तर ठिगळाच्या पडद्याला लावू नका. हातानं ओढताना अडकलं की आपल्याला कळतं आणि आपण थांबतो, मोटर तेवढी हुशार नसते, ती ओढत राहते. पाइपवर मधोमध बसणाऱ्या मोटरला स्प्रिंगांचा आधार लागतो, बाजूला बसणारी स्वतःच्या जोरावर उचलते. तुमच्या मापाला दोन्ही चालतील. वीज गेल्यावर हातानं चालवायची साखळी आहे ना ते विचारा, आणि स्विचचा डबा 2019 च्या पाण्याच्या खुणेच्या वर लावून घ्या. ती खूण तुमच्या भिंतीवर असेलच.

पैशाचं म्हणाल, तर आकडे मी देत नाही, लोखंडाचा भाव आठवड्याला हलतो. माझा ठोकताळा असा आहे: दुरुस्तीचा खर्च, गाइड आणि स्प्रिंग धरून, त्याच गेजच्या साध्या नव्या शटरच्या 40 टक्क्यांच्या आत असेल तर दुरुस्ती. निम्म्याच्या वर गेला तर नवं. या दोन्हींच्या मध्ये असेल तर शटरचं वय आणि पूर बघायचा. तुमचं सतरा वर्षांचं आणि दोनदा पाण्यात गेलेलं असेल, तर अशा मधल्या खर्चात मी नव्याकडं झुकेन. तेच शटर विश्रामबागेत उंचावर असतं आणि पाणी बघितलेलं नसतं, तर डोळे झाकून दुरुस्त केलं असतं. मार्केट यार्डात एका हळदीच्या गोडाऊनचं शटर टेम्पोनं ठोकलं होतं, नऊ पट्ट्या पार दुमडलेल्या. बघणारे सगळे म्हणाले, गेलं. गाइड टोचलं तर घंटेसारखं वाजलं. नऊ पट्ट्या बदलल्या, आजही चालतंय. तिथं त्रास एकच, कुणीतरी गाइडला ग्रीस लावलेलं आणि त्यात हळदीची पूड बसून पिवळा लगदा झालेला. गाइडला ग्रीस किंवा गाडीचं काळं ऑइल लावूच नका, धूळ धरतं. साधी मेणबत्ती घासा.

नव्याचा भाव घेताना गेज लिहून घ्या. तुमच्या रुंदीला पत्रा 0.9 मिलिमीटरपेक्षा, म्हणजे 20 गेजपेक्षा पातळ नको, मी 18 गेज सुचवेन. बोलताना सगळे 18 म्हणतात आणि बसवताना 22 निघतो. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे माल उतरला की एक 10 फुटी पट्टी वजनकाट्यावर ठेवा. 18 गेजची तीन किलोच्या आसपास भरते, 20 ची सव्वादोन, 22 ची दोनच्याही खाली. पट्टीच्या रुंदीनुसार थोडं इकडं-तिकडं होईल, पण 18 म्हणून 22 खपणार नाही. झिंकचा पत्राच घ्या, आपल्या भागात काळ्या पत्र्याला रंग मारलेलं शटर परवडत नाही. उंची 8 फूट असली तरी बिल नऊ-साडेनऊ फुटांचं येईल, वर गुंडाळायला फूट-दीड फूट पडदा जास्त लागतो, त्यात फसवणूक नाही. जुन्या शटरचं भंगार मात्र किलोवर मोजून बिलातून वजा करून घ्या. "नेतो आम्हीच उचलून" याला भुलू नका, ते 70 ते 110 किलो लोखंड आहे.

आणि नवं बसवा की जुनं ठेवा, पुढच्या वेळी नदी चढायला लागली आणि घर सोडायची वेळ आली तर शटर बंद करून जाऊ नका. पाणी बंद शटरनं अडत नाही, ते फटीतून आत येतंच, नुसता गाळ पट्ट्यांत भरतो. शटर वर गुंडाळून ठेवलं तर सगळा पडदा आठ फुटांवर सुरक्षित राहतो, भिजतं फक्त गाइड. चोरीची भीती खरी आहे, म्हणून आतून एक साधं जाळीचं सरकतं गेट लावून घ्या आणि कुलूप त्याला घाला. पाणी ओसरलं की पहिल्याच दिवशी, गाळ ओला असताना, गाइडच्या खाचेत वरून पाण्याचा पाइप सोडा.

आत्ता तुम्ही एवढं करा. दोन्ही गाइडच्या बुडाचा टॉर्च मारून जवळून फोटो, खालच्या चार फुटांतल्या एका सांध्याचा फोटो आणि दोन्ही ब्रॅकेटांच्या भिंतीचा फोटो काढा. पोच्याचा नको, तो बघितला. पहिल्या मिस्त्रीला विचारा की गाइड टोचून बघितलं का आणि पट्टीचा तुकडा नेणार का. दोन्हीला "हो" म्हणाला आणि स्क्रू ड्रायव्हर खणखण वाजला, तर काम त्यालाच द्या. तोवर गाडी बाहेर लावा, आणि भाच्याला बोलू नका, त्याच्यामुळं गाइड तरी बघितलं जातंय.